आयई ९००, यू१२टी की झेड१आर?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सेनहायझरचा आयई ९००, सिक्स्टीफोर ऑडिओचा यू१२टी आणि सोनीचा आयईआर-झेड१आर, या तीन इयरफोनांतला कोणता घ्यावा असं विचारलंयस. तिन्ही एकाआड एक निवांत ऐकलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू मुख्यतः गाणं ऐकतोस, तेही रागदारी. तुझ्यासाठी यू१२टी, हे आधीच सांगून टाकतो. त्यात प्रत्येक कानाला बारा बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर आहेत, म्हणजे चुंबकात तोललेली इवली पात थरथरवून आवाज काढणारे छोटे स्पीकर, पण मोठेपण त्या आकड्यात नाही. तानपुरा लाव आणि फक्त जवारीकडे लक्ष दे. तार छेडल्यावर आधी षड्ज येतो, मग त्यातून वरचे स्वर एकेक उमलत जातात. यू१२टीमध्ये या उमलण्याचा शेवटपर्यंत मागोवा घेता येतो आणि गायकाचा आवाज त्यावर झाकण घालत नाही. खालच्या सुरातला श्वास, ‘आ’काराचा उगम, सगळं आपापल्या जागी.

आयई ९००मध्ये एकच सात मिलीमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर आहे, म्हणजे नेहमीच्या स्पीकरसारखा पडदा हलवणारा. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढला की ती घुमक इथे भरीव, सलग येते आणि विरायला वेळ घेते. आर्मेचरचा खर्ज चपळ असतो, पण ही अंगावर येणारी घुमक त्याला तितकी जमत नाही. वरची झळाळीही सुरेख आहे. मात्र गायकाचा आवाज किंचित मागे सरकतो, आणि मला तेच खटकतं. वाद्यसंगीत जास्त ऐकत असतास तर मी बिनधास्त हाच सुचवला असता.

झेड१आर भव्य आहे. बारा मिलीमीटरचा डायनॅमिक खर्ज आणि मध्य यांच्यासाठी, वरच्या सुरांसाठी एक आर्मेचर, अगदी वरच्या टोकाला पाच मिलीमीटरचा छोटा डायनॅमिक. मोठा वाद्यवृंद यावर ऐकावा, मंच डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्याचं कवच चांगलंच मोठं आणि जड आहे. ते प्रत्येक कानात बसत नाही आणि नीट बसलं नाही तर वरचं सगळं वर्णन व्यर्थ.

आता तुलना कशी करायची ते. आवाजाची पातळी तिन्हींची सारखी करून घे, हे अगदी आग्रहाने सांगतो. एखाद-दीड डेसिबलने मोठा असलेला इयरफोन आपल्याला मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानातली बहुतेक मतं तिथेच ठरून जातात. दुसरं म्हणजे टिप्स. रबरी टोक कानात घट्ट बसलं नाही की खर्ज गळून जातो आणि आपण दोष ड्रायव्हरला देतो. दोन्ही कानांना वेगळ्या मापाच्या टिप्स लागू शकतात, संकोच करू नकोस.

इयरफोन कोणता सूर किती मोठा वाजवतो ते दाखवणाऱ्या आलेखांबद्दल विचारलं होतंस. खर्ज आणि मध्य यांच्यासाठी ते उपयोगाचे आहेत. पण आठ किलोहर्ट्झच्या आसपास जो उंचवटा दिसतो, तो बऱ्याचदा मोजणीच्या कृत्रिम कर्णनलिकेचाच असतो. इयरफोन थोडा आत-बाहेर केला की तो सरकतो. तुझी कर्णनलिका वेगळी, तेव्हा तिथून वरचं तुझ्याच कानांनी ठरव.

यू१२टीबरोबर एपेक्स नावाच्या छोट्या, काढता-घालता येणाऱ्या नळकांड्या येतात, त्या कानात कोंडलेल्या हवेचा दाब मोकळा करतात. त्यांतली एम२० लावली तर बाहेरचा आवाज जास्त अडतो आणि खर्जही भरतो. एम१५ने खर्ज थोडा उतरतो, पण तासन्‌तास ऐकलं तरी कान जड होत नाहीत. तुझ्या लांबलचक बैठकी पाहता एम१५ लाव. आणि आवाज बेताचाच ठेव रे, कान परत मिळत नाहीत.

ऐकायला जाशील तेव्हा तुझ्या पाठ असलेल्या एखाद्या विलंबित ख्यालाची सुरुवातीची काही मिनिटं घेऊन जा. तिन्हींवर तेवढाच भाग लाव, आणि झेड१आर कानात बसत नसेल तर तो विचार तिथेच सोड. काय ठरलं ते लगेच कळव.

तुझा,
मित्र