अण्णा, तुम्ही ते फ्लास्क धुतले नाहीत

अण्णा, साष्टांग नमस्कार.

तुम्ही मराठी बोलता, पण वाचायला जड जातं म्हणता. म्हणून तुमच्या नातीला सांगितलंय, हे आजोबांना मोठ्यानं वाचून दाखव. माझा प्रबंध मंजूर झाला. त्यात सगळ्यांचे आभार मानून झाले, पण तुमचे तिथे एका ओळीत उरकायला मन होईना.

मी बेळगावला तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा पार खचलेली होते. आधीच्या ठिकाणी माझे तंबाखूचे कॅलस, म्हणजे फ्लास्कात वाढवलेले पेशींचे गोळे, वरचेवर काळे पडायचे. एकदा सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, "निपाणीच्या वखारीत राबणाऱ्या बाईची पोर, हाताला स्वच्छता कुठून येणार?" दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत एकानंही फ्लास्क उचलून उजेडात धरला नाही.

तुम्ही धरला. त्या शनिवारी मी सगळे फ्लास्क धुवायच्या बादलीजवळ ठेवून रडत खोलीवर गेले होते. सोमवारी येऊन बघते तर ते रॅकवर ओळीनं मांडलेले, बाहेरून पुसलेले. पहिल्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तुमच्या कन्नड अक्षरात 'तोळेयबेडी', धुऊ नका. तुम्ही एक फ्लास्क ट्यूबलाइटखाली तिरका धरलात आणि म्हणालात, "पोरी, बुरशी आली की कापूस धरतो, जंतू शिरले की मीडिया, म्हंजे पेशींचं खाणं, गढूळ होतो. ह्यो तर काचंसारखा हाय. हे नासल्यालं नव्हे, मेल्यालं हाय. मग कशानं मेलं ते बघ की!"

अण्णा, तीस वर्षं काचा धुणाऱ्या माणसाला जे दिसलं, ते पदव्यांवाल्यांना दिसलं नव्हतं. तुम्ही मांडलेल्या ओळीतच उत्तर होतं. नुसतं द्रावक घातलेले तंबाखूचे गोळे पांढुरके, भुसभुशीत, जिवंत होते. कॅम्पटोथेसिन हे विष घातलेले तपकिरी पडले होते. आणि तेवढंच कॅम्पटोथेसिन पोटात घेऊन नरक्या या झाडाचं कॅलस मात्र खुशाल वाढत होतं. माझे हात स्वच्छच होते.

कॅम्पटोथेसिन हे आपल्या घाटातल्या नरक्याचंच विष. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर (एन्झाइम) एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. हे विष नेमकं कापलेल्या क्षणी तिथे अडकून बसतं, धागा जुळत नाही, आणि विभागणारी पेशी मरते. हे विकर तंबाखूत आहे तसं माणसातही आहे, म्हणून तर याच रेणूपासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं झाली. मग विष करणारं झाड स्वतः कसं जगतं? कॅम्पटोथेसिन करणाऱ्या दुसऱ्या काही झाडांबद्दल जपानच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की त्यांच्या या विकराची घडणच जराशी बदललेली असते आणि विषाला तिथे पकड मिळत नाही. नरक्याचं काय, ते शोधायची उमेद मला तुमच्या त्या चिकटपट्टीनं दिली.

तंबाखूची तऱ्हा वेगळी. निकोटीन झाडाच्या मुळांमध्ये तयार होतं, पानापर्यंत चढतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पिशवीत, कोंडून राहतं. झाडाला त्याचा त्रास नाही. त्रास माझ्या आईला व्हायचा. वखारीतून आली की डोकं धरून बसायची, पदर झटकला की घरभर शिंका. तंबाखूचं विष तंबाखूला का बाधत नाही, हा प्रश्न मी तिथूनच घेऊन निघाले होते. ज्या वखारीवरून मला हिणवलं, तीच माझी पहिली शाळा.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली. पण दुसऱ्याची मेहनत धुऊन टाकण्याआधी घटकाभर थांबणारा माणूस मी तुमच्या रूपानं पहिल्यांदा पाहिला. तुम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तुमची ड्युटी संपली होती, खानापूरची शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती, तरी तुम्ही एकेक फ्लास्क पुसत बसलात. असं वागणारी माणसं अजून आहेत, कन्नड बोलणारी, मराठी बोलणारी, म्हणून माझ्यासारख्या पोरी शिकतात.

ती चिकटपट्टी मी वहीच्या पहिल्या पानावर डकवली आहे. आईला कन्नड वाचता येत नाही, पण त्या अक्षरांवरून बोट फिरवून तिनं विचारलं, "हे लिहिणारा माणूस जेवायला कधी येणार?" दिवाळीला निपाणीला या, अण्णा. अक्कांना आणि नातीलाही घेऊन या.

तुमची,
निपाणीची पोरगी