जुन्या फरशीचे काय झाले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पर्यावरणस्नेही गृहसजावटीवरचा सचित्र लेख वाचला. बांबूचे दिवे, तागाचे पडदे, मातीचा लेप दिलेली भिंत हे सारे नजरेला सुखावणारे आहे आणि लेखिकेच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र ‘आधी’च्या छायाचित्रात दिसणारी मोझॅकची फरशी ‘नंतर’च्या छायाचित्रात नाही, आणि ती कुठे गेली याबद्दल लेखात एक अक्षरही नाही.

मी पुण्यातील ज्या चाळीस वर्षे जुन्या सोसायटीत राहते, तिथे गेल्या तीन वर्षांत सात घरांचे ‘इंटिरिअर’ झाले आणि सातही ठिकाणी कामाचा मुहूर्त फरशी उखडण्याने झाला. पाचशे चौरस फुटांच्या घरातील फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून जाडी दोन इंच धरली, तरी ढोबळ हिशेबाने पाच टन राडारोडा निघतो. तो गोण्यांत भरून रात्री टेम्पोने जातो. पुढे कोणत्या ओढ्याच्या काठी पडतो, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी दुरुस्ती आणि नूतनीकरणातून निघणारा मालही बांधकामाच्या कचऱ्यात धरला होता, परंतु त्याचे वर्गीकरण करण्याची मुख्य जबाबदारी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांवर टाकली होती. पाच टनांचे एकटेदुकटे घर त्या जाळ्यातून अलगद निसटत असे. अशी घरे किती, याचा अंदाज शहरातल्या कोणत्याही गल्लीत दुपारी उभे राहून हातोड्यांचे आवाज मोजले तरी येईल.

वास्तविक मोझॅकची फरशी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेली संगमरवराची खडी. वरचा थर घासून पॉलिश केले की ती पुन्हा चकाकते आणि हे एकाच फरशीला अनेकदा करता येते. तिच्या जागी येणारी व्हिट्रिफाइड टाइल सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून काढलेली असते. लाकडाचेही तेच. सागवानी कपाट मोडले तर सुतार त्याच्या फळ्यांपासून सामान ठेवायची मांडणी करून देतो; एमडीएफवर (लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेल्या बोर्डावर) लॅमिनेट चिकटवलेले कपाट एकदा भिजून फुगले की त्याचे काहीच होत नाही. शिवाय अशा बोर्डांतील डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत गणले.

सजावटच नको, असे माझे म्हणणे नाही. मला स्वतःला मोकळ्या भिंती आवडतात आणि थोरल्या बहिणीच्या घरातील क्रोशाचे रुमाल, पितळी घोडे आणि मण्यांची तोरणे पाहून मी अनेकदा नाके मुरडली आहेत. पण त्या घरात तीस वर्षांत काहीही मोडून बाहेर गेलेले नाही. उलट माझ्या वरच्या मजल्यावरील तरुण दांपत्याने घर ‘मिनिमल’ करण्यासाठी दोन टेम्पो भरून सामान भंगारात काढले आणि मग रिकामेपणाला शोभेल असे नवे सामान आणले. साधेपणाचा आणि पर्यावरणाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसावा.

सेवाग्रामची बापूकुटी माती, बांबू आणि कौलांची आहे. तिच्याहून साधे घर सांगणे कठीण. तरीही तिच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावात ताडाची झाडे आणि ॐ काढलेले आहे. त्या शोभेसाठी भिंतीच्या मातीखेरीज काही लागले नाही. वारली घरात लग्नासाठी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात, तोही पुढे सारवणाखाली जातो आणि मागे कचरा उरत नाही. सदनिकेत भिंती सारवता येणार नाहीत, हे मलाही कळते. पण दर दहा वर्षांनी पीओपीचे छत पाडून नवे बसवण्याची सक्तीही कोणी केलेली नाही.

आमच्या सोसायटीत कामाला परवानगी देताना लिफ्टचे नुकसान होऊ नये म्हणून अनामत रक्कम घेतात. त्याच अर्जात काय काढणार, त्यातले काय वापरण्याजोगे आहे आणि उरलेले कोणत्या संकलन केंद्रावर जाणार, अशा तीन ओळी वाढवाव्यात, असे मी समितीला लेखी कळवले आहे. आपल्या पुरवणीलाही अशीच एक विनंती आहे. यापुढे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे छापताना त्यांच्याखाली त्या घरातून किती गोण्या राडारोडा निघाला आणि तो कुठे टाकला, हेही छापावे.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे