शिवण शिकवताना आधी मशीन शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत शिवणकामाचं जे सदर येतं ते मी नियमित वाचतो आणि जपूनही ठेवतो. कटिंगची आकृती असते, मापं असतात, शिलाईसाठी किती कापड सोडायचं तेही असतं, आणि शेवटी एक ओळ असते की आता मशीनवर टीप मारून घ्या. माझं पत्र या एका ओळीबद्दल आहे, कारण नवीन शिकणाऱ्याचं घोडं तिथेच अडतं आणि तिथलं कोणी काही लिहीत नाही.

आईचं पायमशीन कितीतरी वर्षं झाकून ठेवलेलं होतं. चार महिन्यांपूर्वी ते पुसलं, तेल दिलं आणि ठरवलं की निदान उशीचे अभ्रे तरी स्वतः शिवायचे. पहिले पंधरा दिवस अक्षरशः रडकुंडीला आलो. वरून बघावं तर टीप बरी दिसतेय, चार बोटं पुढे गेलं की मशीन जड होतं, मग थांबतंच, कापड उलटं करून बघावं तर खाली दोऱ्याचा हा एवढा गुंता, कापड खालच्या दातांपाशी (कापड पुढे सरकवतात ते) अडकलेलं, ओढायला जावं तर सुई वाकते, शेवटी कात्री घालून सोडवायचं आणि परत पहिल्यापासून. आता गुंता खाली होतोय म्हटल्यावर माणूस चूक खालीच शोधणार ना? मी बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून परत भरली, ती जिच्यात बसते ती डबी, म्हणजे बॉबीन-केस, साफ केली, त्या डबीवरचा बारीक स्क्रू पण फिरवला, म्हणजे जे आधी नीट होतं तेही बिघडवून ठेवलं. ज्यांना विचारलं त्यांचं एकच उत्तर, हळूहळू हात बसेल. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता पण त्या उत्तराने फार नुकसान होतं, माणसाला वाटायला लागतं की दोष आपल्या हातातच आहे.

शेवटी आत्याला फोन केला, तिने अख्खं आयुष्य शिवणकाम केलंय. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अरे, वरचा दोरा ओवताना मशीनचा पाय वर होता का खाली?" पाय म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतो तो. मी दरवेळी तो खाली ठेवूनच ओवत होतो. "मग उचल आणि पुन्हा ओव." तसं केलं आणि पंधरा दिवसांचा गुंता एका मिनिटात संपला.

हे असं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांमधून जातो. पाय वर असला की त्या चकत्या सैल असतात आणि दोरा आत बसतो, पाय खाली असला की त्या घट्ट मिटलेल्या असतात, मग दोरा आत जातच नाही, नुसता कडेला राहतो. म्हणजे वरच्या दोऱ्याला ओढच राहत नाही. खालचा हुक तो दोरा ओढून बॉबीनभोवती फिरवतो, तो परत वर खेचायचं काम दोऱ्याच्या वरखाली होणाऱ्या दांडीचं, पण दोऱ्याला कुठे धरच नसला तर दांडी काय खेचणार, सगळे फास खालीच साठत जातात. म्हणजे गुंता खाली आणि चूक वर! हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर त्या स्क्रूला मी हातही लावला नसता.

दुसरी गोष्ट सुईची. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागे असतं आणि मशीनच्या सुईचं टोकाशी, हे डोळ्यांसमोर असूनही मी कधी विचार केला नव्हता. मशीनची सुई कापडातून आरपार जाऊन पलीकडे निघतच नाही, ती फक्त दोऱ्याचा फास खाली पोचवून परत वर येते, म्हणून नेढं टोकाशी. अमेरिकेत एलियास होव यांनी 1846 साली जे पेटंट घेतलं त्यात अशी सुई आणि खालून दुसरा दोरा ही जोडी होती, आणि आजही घरातली मशीनं त्याच तत्त्वावर चालतात. सुईला एका बाजूने लांब खाच असते, वरच्या जाड भागाला दुसऱ्या बाजूने सपाटी. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की टाके सुटतात आणि आपण टेन्शनचं बटण फिरवत बसतो. सुईवरचा 90 आकडा म्हणजे जाडी 0.9 मिलिमीटर हेही कळल्यावर पातळ कापडाला 75 नंबर आणि जाड कापडाला 100 का घ्यायची ते पाठ करावं लागलं नाही.

पायमशीनची तर वेगळीच कथा, चाक आपल्याकडे फिरायला हवं आणि नवीन माणसाच्या पायाने ते हमखास उलटं जातं, की दोरा तुटलाच. चाकाला आधी हाताने आपल्याकडे गती द्यायची आणि मग पायांनी ती धरायची. माझे आठ दिवस दोरा न ओवता रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवण्यात गेले, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची, कापड ओढायचं नाही, दात ते आपोआप पुढे नेतात, या गोष्टीही अशाच कोणी न सांगितलेल्या.

म्हणून विनंती आहे की सदराचे सुरुवातीचे तीन-चार भाग कपड्यावर नाही, मशीनवर द्या. दोरा कुठून कुठे जातो त्याचं मोठं स्वच्छ चित्र, आणि खाली गुंता झाला, टाका सुटला, दोरा तुटला तर आधी काय बघायचं, नंतर काय बघायचं हे क्रमाने. क्लास घेणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, पहिल्या दिवशी कापड हातात देऊच नका, मशीन उघडून दाखवा. कितीतरी जण पहिल्या महिन्यातच मशीन परत झाकून ठेवून मोकळे होत असतील, आणि ते फक्त एक पाय वर न उचलल्यामुळे.

माझे दोन अभ्रे झालेत. चेन लावायला अजून जमत नाहीये, त्यावर एखादा भाग आला तर तो मशीनवर कोणता पाय बसवायचा इथपासून सुरू करा एवढंच.

आपला,
एक नियमित वाचक