सरड्याच्या डोळ्यात घरातले ड्रॉप्स घालू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा बुटाच्या खोक्यात त्याचा इग्वाना, म्हणजे पाळलेला परदेशी सरडा, घेऊन माझ्या दारात आला. इग्वानाचा उजवा डोळा घट्ट मिटलेला, पापणी सुजलेली. "काकू, पाच दिवस ड्रॉप्स घालतोय, पण उघडतच नाही," म्हणाला. मी बाटली हातात घेऊन नाव वाचलं आणि पोटात गोळा आला. हीच चूक मी मागच्या वर्षी केली होती. तिसऱ्या कुणी करू नये म्हणून हे पत्र.

मी करंजे पेठेत राहते, घरी शिवणकाम करते. चार वर्षांपूर्वी मुलाने पुण्याहून मित्राकडचा हिरवा इग्वाना आणला. त्याचं नाव बाळू. पुढे मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, बाळू माझ्याकडे राहिला. आता तो नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चार फूट भरतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती आम्ही केली आहे.

मागच्या मार्चमध्ये बाळू कात टाकत होता. इग्वानाची कात सापासारखी अखंड निघत नाही, पापुद्र्या-पापुद्र्याने सुटते. कात टाकताना तो कधीकधी डोळे फुगवतो, कातडी सैल व्हावी म्हणून. ते पाहून घाबरायचं कारण नाही, थोड्या वेळात डोळे पूर्ववत होतात. पण या वेळी डावा डोळा मिटलेलाच राहिला. तो डोळ्याची बाजू फांदीवर घासायचा, खाणंही कमी झालं. यजमानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ड्रॉप्स फ्रिजमध्ये उरले होते. माणसाच्या डोळ्याला चालतात तर याला का नाही, असं म्हणून मी तीन दिवस घातले. डोळा आणखी सुजला.

चौथ्या दिवशी एसटीने पुण्याला गेले, पाल-सरडे-कासवं बघणाऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी केशरी कागदाची एक बारीक पट्टी सलाइनमध्ये भिजवून डोळ्याला टेकवली, खोलीतले दिवे घालवले आणि निळा उजेड टाकला. बाळूच्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढी जागा हिरवीगार चमकली. ती जखम होती. मला म्हणाले, "ताई, हे ड्रॉप्स आजपासून बंद. यात स्टेरॉइड आहे." स्टेरॉइडने लाली, सूज दबते, पण बुबुळावर ओरखडा असेल तर तो भरून यायचा थांबतो, उलट खोल जाऊ शकतो. ऑपरेशननंतरच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं दिसलं, तर ती बाटली जनावराच्या डोळ्याजवळ नेऊ नका. त्या मुलाच्या बाटलीवर डेक्सामेथासोनच होतं. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलं.

मग डॉक्टरांनी भिंगाखाली पापणीची आतली कड दाखवली. कातेची सुकलेली कड तिथे अडकली होती, दोऱ्याच्या तुकड्याएवढी. ती टोचत होती, म्हणून तो डोळा घासत होता आणि घासून ओरखडा पडला. कात अडकली कारण घरातली हवा कोरडी. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला. त्याला हवेत साठ-सत्तर टक्के तरी आर्द्रता लागते. घरी आल्यावर मी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणून पिंजऱ्यात ठेवलं, तर काटा दुपारी अठ्ठावीसवर. साताऱ्याचा उन्हाळा तो. आता पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर ओलं गोणपाट टाकते, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारते आणि कातेच्या दिवसांत रोज कोमट पाण्याच्या घमेल्यात वीस मिनिटं बसवते. तेव्हापासून कात पापणीवर अडकलेली नाही.

दिव्याचंही विचारलं. त्याच्यासाठीचा अतिनील दिवा मी बाजूने, अगदी तोंडासमोर लावला होता. डॉक्टरांनी तो वरून आणि लांब लावायला सांगितला, म्हणजे भुवईच्या हाडाची सावली डोळ्यावर पडते. जवळचा, प्रखर दिवा सरड्याचे डोळे अक्षरशः भाजतो. आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्याला काही उपयोग नाही, लागणारे किरण काच अडवते. म्हणून मी त्याला सकाळी गच्चीवर जाळीच्या पेटीत खऱ्या उन्हात ठेवते, पेटीत एका बाजूला सावली करून.

घरी करायचं ते एवढंच: मेडिकलमध्ये मिळणारं 0.9 टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन, बाटली तळहातात धरून जरा कोमट करायची. बाळूला जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात खांद्यापासून गुंडाळायचं. शेपटी कधीच धरायची नाही, ती तुटते. दुसऱ्या माणसाने डोकं हलकेच आधाराने धरायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातून सलाइनची धार सोडायची आणि बाहेर आलेलं पाणी गॉजने टिपायचं. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. कात चिमट्याने ओढायची नाही, पापणीच फाटेल. गुलाबपाणी, मध, बोरिक पावडर यातलं काही घालू नका. मला यातली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी आपुलकीनेच सुचवली होती.

एका दिवसात डोळा उघडला नाही, किंवा पापणीखाली पांढरट गोळा दिसला, तर घरचे उपाय तिथेच थांबवा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ होऊन वाहून जात नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट बसतो. तो डॉक्टरांनाच काढावा लागतो. 'अ' जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही कुणी सांगितलं म्हणून देऊ नका. जास्त झालं तर अंगाची कातडी सोलून निघते. जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, किसलेला तांबडा भोपळा हे रोजच्या खाण्यात असलं की इग्वानाला ते त्यातूनच मिळतं. आणि डोळा धुऊन झाला की हात साबणाने धुवा, या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

बाळूचा डोळा सतराव्या दिवशी पूर्ण उघडला. मी मशीनवर बसले होते. त्याने दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कात्रीच्या आवाजाकडे मान वळवली. मला रडू आलं.

हे वाचून कुणी शेतातली घोरपड उचलून घरी आणू नये. तिला कायद्याने सर्वात वरचं संरक्षण आहे. जखमी दिसली तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

माझी विनंती दोघांना आहे. एक, औषध दुकानदारांना: डोळ्याचं औषध जनावरासाठी मागितलं तर चिठ्ठी बघितल्याशिवाय देऊ नका. दुसरी, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाला. ते आपल्याच जिल्ह्यात आहे, खंबाटकी उतरलं की आलंच. तिथे पाल, सरडे, कासवं यांच्यासाठी महिन्यातला एक ठरलेला वार जाहीर झाला आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना डोळ्याची ती केशरी पट्टी वापरून जखम कशी ओळखायची हे एका दिवसाच्या वर्गात दाखवलं, तर आजारी प्राणी घेऊन कुणाला पुणे गाठावं लागणार नाही. कुत्र्या-मांजराच्या डोळ्यालाही तीच पट्टी लागते, म्हणजे खर्च वाया जाणार नाही.

त्या मुलाच्या इग्वानाच्या बुबुळावर आता दुधासारखा पांढरा ठिपका आला आहे. ड्रॉप्स बंद केले, रोज संध्याकाळी मी त्याचा डोळा सलाइनने धुते. शुक्रवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं त्याला घेऊन पुण्याला निघतो आहोत.

आपली,
एक वाचक, करंजे पेठ, सातारा