अम्बिलिकल उतरवणाऱ्या लेकीस

नांदेड

चि. माईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. रायझरच्या, म्हणजे समुद्रतळावरून तेल वर आणणाऱ्या पाइपाच्या, टीममध्ये नाव लागेल म्हणून तू वाट बघत होतीस आणि तुला अम्बिलिकलवर, म्हणजे तळावरच्या विहिरीला दाब, वीज आणि सिग्नल पुरवणाऱ्या नळ्या-तारांच्या जुडग्यावर, टाकलं. आईला मी म्हणालो, पोरीला जोखमीचं काम मिळालंय. माझं आयुष्य आयटीआयत फिटर ट्रेड शिकवण्यात गेलं, समुद्र मी काठावरूनच पाहिला. पण तू पाठवलेली ड्रॉइंग्ज रात्री जेवणं झाल्यावर काढून बसतो. त्यातून जे समजलं ते लिहितो.

आपल्या शेतात बोअरमध्ये मोटर सोडताना तू पाहिलंच आहेस. पाइप, दोर, केबल तिन्ही सोबत खाली जातात आणि सगळ्यांचे डोळे पाइपावर, कारण वजन त्याचं. केबल केसिंगला घासली तर तेव्हा कुणालाच पत्ता लागत नाही. मोटर जळाली की मग कळतं आणि सगळं परत वर ओढावं लागतं. तुमच्याकडे ती केबल म्हणजे अम्बिलिकल, आणि वर ओढायचं तर अख्खं जहाज पुन्हा बोलवावं लागणार.

रायझर तेल वर आणतो, हे खरंच. पण समुद्रतळावर विहिरीच्या तोंडाशी ज्या झडपा असतात त्या उघड्या ठेवणारा हायड्रॉलिक दाब तुझ्या अम्बिलिकलमधल्या नळ्यांतून जातो. दाब गेला की आतली स्प्रिंग झडप बंद करते. सुरक्षेसाठी ती तशीच बनवलेली असते. म्हणजे तुझी दाबाची नळी फुटली तर विहीर बंद पडू शकते, आणि रायझर धडधाकट असून रिकामा. शिवाय तळाशी पाणी इतकं थंड असतं की गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखे हायड्रेट धरतात आणि लाइन चोंदते. ते होऊ नये म्हणून लागणारं मिथेनॉलसुद्धा त्यातूनच. वीज त्यातून, फायबर ऑप्टिकचे सिग्नलही त्यातूनच. आता सांग, दुय्यम काम कोणतं?

तुझा टेन्शनर, म्हणजे अम्बिलिकल पट्ट्यांत धरून हळूहळू खाली सोडणारं यंत्र, मला सगळ्यात अवघड वाटला. पट्टे कमी आवळले तर एवढं लोंबतं वजन घसरणार, जास्त आवळले तर आतल्या नळ्या चेपणार. फिटरच्या हाताला व्हाइस किती आवळायचा ते समजतं. तिथे हाताला काहीच समजत नाही, आकडाच वाचावा लागतो. म्हणून सांगतो, उतरवताना नळ्यांतला दाब आणि विजेच्या तारांचं इन्सुलेशन यांची नोंद शिफ्ट बदलताना स्वतः बघूनच सही कर. रीडिंग जरा जरी खाली आलं तर लगेच बोल, काम थांबव. समोरचा माणूस किती मोठा आहे ते बघू नकोस. अम्बिलिकल कॅरौसेलवर, म्हणजे जहाजावरच्या गोल फिरत्या थाळीवर, आहे तोवर दोष सापडला तर दुरुस्ती होते. तळाला टेकल्यावर फार महाग पडते.

रायझर असो की अम्बिलिकल, सगळ्यात नाजूक वेळ पुल-इनची, म्हणजे टोक वर ओढून घेण्याची. तुमच्या जहाजावरचं वजन हळूहळू एफपीएसओच्या, म्हणजे तेल काढून साठवणाऱ्या जहाजाच्या, विंचवर जातं, दोन्ही जहाजं आपापल्या लयीत हलत असतात, आणि वाक ठरलेल्या त्रिज्येपेक्षा आवळ होता कामा नये. तेव्हा घाई करणाऱ्याच्या बाजूने उभी राहू नकोस. घाई होते ती हवामानामुळे, हे मला कळतं. बंगालच्या उपसागरात एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांचे दिवस. जानेवारी ते मार्चच्या शांत काळात काम उरकायचं दडपण येणारच.

ओएनजीसीने कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ९८/२ ब्लॉकमधून ७ जानेवारी २०२४ रोजी पहिलं तेल काढलं, ती बातमी मी त्या वेळी कापून ठेवली होती. आपल्या घाटाखालून जाणारी गोदावरी लाखो वर्षं गाळ नेऊन टाकत आली, त्याच गाळाच्या प्रदेशात हे काम चालतं. तिथे माझी लेक आहे, याचा मला फार अभिमान आहे.

आईने शेंगदाण्याची चटणी कुरिअर केली आहे. जहाजावर चढायच्या आधी मिळाली तर बरं.

एक विचारायचं राहिलं. एफपीएसओच्या आय-ट्यूबमधून, म्हणजे उभ्या नळीतून, वर ओढल्यावर बेंड स्टिफनर, म्हणजे वाक जास्त होऊ न देणारं आवरण, नीट बसला की नाही हे आरओव्ही, म्हणजे दूरून चालवायचा पाण्याखालचा रोबो, बघतो का पाणबुड्या उतरतात? तू पाठवलेल्या व्हिडिओत तो भाग नाही. सविस्तर लिही.

तुझे
अण्णा