मंत्रिमहोदय, तो फोटो परत घेऊन जा

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये तुम्ही आमच्या कॅफेत आला होतात. गल्ल्याच्या मागे समलिंगी-तृतीयपंथी समाजाची सप्तरंगी पताका लावली होती. तिच्याखाली उभं राहून तुम्ही एक हात माझ्या खांद्यावर ठेवलात आणि दुसरा माझ्या जोडीदाराच्या. "या मुलांच्या धंद्यामागे सरकार उभं आहे, तीन महिन्यांत योजना आणतो," म्हणालात. आम्ही दोघंही चाळिशी ओलांडलेले, पण त्या दिवशी 'मुलं' म्हटलेलंही गोड लागलं.

त्या तीन महिन्यांचे आता दहा झाले. काल आमच्या अर्जाला तुमच्या कार्यालयाचं चार ओळींचं उत्तर आलं. 'अर्जासोबत तृतीयपंथी असल्याबाबतचे जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडलेले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

साहेब, मी तृतीयपंथी नाही, समलिंगी आहे. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात तसं स्वच्छ लिहिलं होतं. पण तुमच्याकडे आमच्या अख्ख्या जमातीसाठी एकच चौकट छापलेली आहे. तिच्यात न बसणाऱ्याचा अर्ज 'निकाली'. काय सुरेख शब्द आहे!

बरं, प्रमाणपत्र असणाऱ्यांचं तरी बरं चाललंय का? आमच्या भटारखान्यात एक ताई आहेत. त्यांच्याकडे ते प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट करून ठेवलंय. त्यांना स्वतःची खानावळ काढायची आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ मध्ये तृतीयपंथींना विशेष प्रवर्गात घेतलं. म्हणजे शहरात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. हे ऐकून ताई मोठ्या उमेदीनं बँकेत गेल्या. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तारण काय देणार? घराचे कागद आणा." सोळाव्या वर्षी घरातून हाकललेल्या बाईनं घराचे कागद आणायचे! छोट्या उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. तो त्या टेबलापर्यंत पोचला नसावा. पोस्टात अडकला असेल.

आता माझं ऐका. जागेचा करार या महिनाअखेर संपतोय आणि मालक तो वाढवून द्यायला तयार नाहीत. सहा वर्षांत एकदाही भाडं थकलेलं नाही, हे त्यांनाही मान्य. "तुमच्याबद्दल तक्रार नाही हो, पण वरच्या मजल्यावर लोक बोलतात." बोलायला लागले ते तुमचा फोटो पेपरात आल्यानंतर, हे मुद्दाम सांगतो. तृतीयपंथी व्यक्तीला भाड्यानं जागा मिळण्यात भेदभाव करू नये, असं २०१९ च्या कायद्याचं कलम ३ सांगतं. माझ्यासारख्याला खाजगी मालकानं दार दाखवलं तर मी कुठल्या कलमावर बोट ठेवू? समलिंगी संबंध गुन्हा नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं मला तुरुंगातून वाचवलं, मान्य. पण तुरुंगाबाहेर राहिलो म्हणजे गाळा मिळतोच असं नाही.

मागच्या पावसाळ्यात जोडीदाराची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा खात्यांची कागदपत्रं नीट करायला गेलो. एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थमंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ ला सांगितलंय. काउंटरवरच्या मॅडम चांगल्या होत्या. फॉर्मवर पेन टेकवून म्हणाल्या, "नातं काय लिहू?" मागे रांग होती. माझ्या तोंडून निघालं, "मित्र." अकरा वर्षांचा संसार, आणि रांगेतल्या लोकांना घाबरून मीच तो दोन अक्षरांत गुंडाळला. राग बँकेचा नाही आला, स्वतःचा आला. अजून जात नाही.

उद्या मी गेलो तर कायद्यानं माझा वारस माझा भाऊ. तो आमच्या दुकानाची पायरी कधी चढलेला नाही. मृत्युपत्र केलंय. पण ते कोर्टात लढवायची वेळ कोणावर येणार, तर बायपासच्या उंबरठ्यावरच्या माणसावर. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा प्रश्न संसदेकडे टोलवला. मग कॅबिनेट सचिवांची समिती नेमली गेली. समिती नेमली की प्रश्न सुटतो, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी श्रद्धा.

आणि लोकांचं म्हणाल, तर जूनमध्ये, म्हणजे आमच्या समाजाच्या 'प्राइड' महिन्यात, आमच्याकडे बसायला जागा नसते. कंपन्यांची पोरं येतात, फोटो काढतात, 'खूप छान करताय' म्हणतात. जुलैत माश्या मारतो. माझ्या ओळखीत आमच्यासारख्यांची सतरा दुकानं होती (सोळाही असतील, एकानं कधी उघडपणे सांगितलंच नाही). दोन वर्षांत सहा बंद पडली. कोणाच्या हाताला चव नव्हती म्हणून नव्हे. कोणाची जागा गेली, कोणाचं कर्ज अडलं, एकाला घरच्यांनी परत नेऊन लग्न लावलं.

सवलतीसाठी हात पसरतोय असं वाटत असेल तर केंद्राचं खरेदी धोरण काढून बघा. सरकारी खरेदीत २५ टक्के लघुउद्योगांकडून, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. रास्तच आहे ते. आम्ही त्यात कुठेच नाही. अमेरिकेत आमच्यासारख्यांच्या धंद्यांना प्रमाणपत्र देणारी चेंबर ऑफ कॉमर्स २००२ पासून आहे. इथे तुमच्या खात्याची कँटीन चालवायचं टेंडर तरी आम्हाला भरता येईल का, की त्यालाही प्रमाणपत्र लागेल? जागा नाकारण्याविरुद्ध एक कलम आणि बँकांना एक सक्त पत्र, एवढंच मागणार होतो. पत्र लांबलं, कारण ऐकणारं कोणी नसलं की माणूस जास्त बोलतो.

आपला,
(अजून महिनाअखेरपर्यंत) एक कॅफेवाला

ता. क. गल्ल्यामागचा तुमचा फोटो काल उतरवला. कुरियरनं कार्यालयात पाठवतोय. फ्रेम तेवढी परत करा, तिचे पैसे मी भरले होते.