पाऊस परतला तरी आकाशाची बातमी हवी

महोदय,

मोसमी पाऊस माघारी फिरल्याची बातमी छापून आली की वर्तमानपत्रातला हवामानाचा कोपरा आक्रसतो. चार महिने पहिल्या पानावर असलेले आकाश आतल्या पानावरच्या कमाल-किमान तापमानाच्या दोन ओळींत जाऊन बसते. आपल्या अंकातही दरवर्षी हेच होते, म्हणून हे पत्र.

शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर मात्र आश्विन-कार्तिकाची भीती वाटते आणि तिला कारण आहे. तिथली मोठी वादळे काढून पाहा, तारखा पुन्हापुन्हा याच दिवसांवर येऊन थांबतात. ५ ऑक्टोबर १८६४ला कोलकात्यात हुगळीतून समुद्राचे पाणी आत घुसले आणि ५० हजारांहून अधिक माणसे गेली. १८७६मध्ये ऑक्टोबर संपता संपता आजच्या बांगलादेशातल्या बाकरगंजला लाट आली. ती आणि तिच्यामागून आलेली पटकी व उपासमार यांनी मिळून सुमारे २ लाख बळी घेतले. १९ नोव्हेंबर १९७७ला आंध्रातल्या दिवीसीमेची गावेच्या गावे पाण्याखाली गेली.

पाऊस गेल्यावरच असे का व्हावे? पावसाळ्यात वर आणि खाली वाऱ्यांचा वेग व दिशा इतकी वेगळी असते की वादळाचा मनोरा उभा राहण्याआधीच मोडतो. ऑक्टोबरात ही ओढाताण कमी होते, समुद्र तर अजून तापलेलाच असतो. त्यात उपसागराचा उत्तरेकडचा भाग उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता. वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही, ते उंच होत किनाऱ्यावर चढते. माणसे वाऱ्यापेक्षा या पाण्यानेच अधिक मरतात.

हे कोणी सांगितले नव्हते असे नाही. कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी जहाजावर कप्तान. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या वर्षानुवर्षे जुळवून त्यांनी वाऱ्याची चक्राकार गती तपासली आणि १८४८मध्ये वेटोळे घातलेल्या सापावरून ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. हुगळी गाळाने भरत चालली म्हणून सुंदरबनात मातला नदीवर पोर्ट कॅनिंग हे नवे बंदर बांधायचे ठरले, तेव्हा १८५३मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरल डलहौसींना जाहीर पत्र लिहिले. वादळाबरोबर येणारी खाऱ्या पाण्याची लाट हे बंदर बुडवील, असे त्यांनी बजावले. बंदर तरीही बांधले. १८५८मध्ये पिडिंग्टन वारले. नोव्हेंबर १८६७च्या आरंभी ती लाट आली, पोर्ट कॅनिंगची धूळधाण झाली आणि काही वर्षांत ते सोडून द्यावे लागले. पत्र लिहिणाऱ्या माणसाला ही हकीकत विसरता येत नाही.

१८६४च्या आघातातून निदान एक चांगली गोष्ट निघाली. पुढच्याच वर्षी कोलकाता बंदरात वादळाचे इशारे सुरू झाले. त्या वादळाने आणि नंतरच्या दुष्काळांनी जी निकड दाखवून दिली, तिच्यातून १८७५मध्ये भारतीय हवामान विभाग उभा राहिला. पण इशारा दिला आणि इशारा पोहोचला, यांत अंतर असते. १२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री, त्रिपुरी पौर्णिमेच्या तोंडावर, उधाणाची भरती आणि वादळाची लाट एकत्र येऊन आजच्या बांगलादेशातल्या भोला परिसरावर कोसळली. किमान ३ लाख माणसे गेली. वादळ येत असल्याची कल्पना होती, बेटांवर झोपलेल्यांना मात्र ते किती मोठे आहे हे कळलेच नाही.

२९ ऑक्टोबर १९९९च्या वादळाला ओडिशात अजून ‘महावात्या’ म्हणतात. ताशी २६० किलोमीटर वेगाचा वारा, इरसमा भागात घराच्या छपरावरून गेलेले पाणी, सुमारे १० हजार मृत्यू. तेव्हा निवारा केंद्रे मोजकी होती. नंतर ओडिशाने किनाऱ्यावर शेकडो केंद्रे बांधली, आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, गावागावांत स्वयंसेवक तयार केले. १२ ऑक्टोबर २०१३ला फायलिन वादळ गोपाळपूरजवळ आले, तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. आपल्या देशात घडलेल्या या कामगिरीचे मला फार मोल वाटते. तिच्यावर लिहावे तेवढे थोडे आहे.

आपला किनारा यातून सुटलेला नाही. नोव्हेंबर १९४८चे मुंबईचे वादळ आता फार थोड्यांना आठवत असेल. पण ११ नोव्हेंबर २००९चे ‘फयान’ कोकणातल्या मच्छीमार घरांना विसरता येणार नाही. होड्या समुद्रात होत्या आणि काही परत आल्याच नाहीत. २०१९च्या ऑक्टोबरअखेर तर अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे एकाच वेळी घोंगावत होती, आणि त्याच सुमारास काढणीला आलेली पिके शेतात उभ्या उभ्या सडली.

तेव्हा विनंती एवढीच की, हवामानाची चौकट नोव्हेंबरअखेरपर्यंत पहिल्या पानावरून हलवू नये. दोन्ही समुद्रांतल्या कमी दाबाच्या पट्ट्यांची स्थिती, भरतीच्या वेळा आणि मच्छीमारांसाठीचा इशारा एवढे तीन-चार ओळींत मावते. यंदा त्रिपुरी पौर्णिमेच्या अंकात १९७०च्या त्या रात्रीवर लेख द्यावा. जागा कमी असेल तर माझे हे पत्र वगळले तरी चालेल.

— एक नियमित वाचक